मेल खरंच त्यानेच पाठवलाय का? स्पॅम फिल्टरची दुर्लक्षित सेटिंग



१८ ऑगस्ट २०२२ आठवतोय का? दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती, आणि आमच्या हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत एकही माणूस नाही, आणि तीन एके-४७ रायफली. सगळ्या टीव्ही चॅनलवर आमचं गाव. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि फोनच जास्त. तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता : ही पाठवली कोणी? त्याच दिवशी विधिमंडळात उपमुख्यमंत्र्यांनी सांगितलं, की बोटीचं नाव 'लेडी हान', मालकीण ऑस्ट्रेलियाची, जूनमध्ये भर समुद्रात इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवून दुसऱ्या जहाजावर घेतलं आणि बोट वाहत वाहत इथे आली. म्हणजे कोणी पाठवलीच नव्हती. पण हे कळलं कसं? बोटीवर काय लिहिलंय ते वाचून कोणी थांबलं नाही. नोंदी तपासल्या, मगच जीव भांड्यात पडला.

तुमच्या इनबॉक्सला रोज अशा बोटी लागतात. आणि आपण वरचं नाव वाचतो, ओळखीचं दिसलं की आत घेतो. या आठवड्याच्या व्हिडिओत मी स्क्रीनवर सगळं करून दाखवलंय. पण खूप जणांनी सांगितलं की व्हिडिओत बटणं दिसतात, ती का दाबायची ते डोक्यात राहत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी माझीच फजिती सांगते. माझं कोकणी मेव्याचं दुकान आहे : आंबापोळी, फणसपोळी, कोकम, रोठा सुपारी. पॅकिंगचे खोके मुंबईच्या एका पुरवठादाराकडून येतात. एका ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या ऑर्डरचे खोके सांगितले होते. दोन दिवसांनी त्यांचा मेल आला, की ऑडिट चालू आहे म्हणून जुनं खातं बंद आहे, ॲडव्हान्स या नव्या खात्यात टाका. नाव तेच, ईमेल पत्ता तोच, खाली सहीसुद्धा तीच. मी १८,६०० रुपये पाठवले. चार दिवसांनी खऱ्या शेठचा फोन, "ताई, ॲडव्हान्स कधी टाकताय? माल थांबलाय." पोटात गोळाच आला. १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली, पण चार दिवसांत पैसे कुठल्या कुठे गेले होते. माझी ऑर्डर चालू आहे हे त्या भामट्यांना कसं समजलं, त्याचा उलगडा आजही झालेला नाही.

नंतर तो मेल कम्प्युटरवर उघडला, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'शो ओरिजिनल' बघितलं. तिथे लिहिलं होतं : एसपीएफ, सॉफ्टफेल. डीकेआयएमची तर ओळच नव्हती. म्हणजे माझ्या मेल सर्व्हरला तेव्हाच शंका आली होती! पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी गोल चित्राच्या जागी एक छोटं प्रश्नचिन्हही होतं. मी ते बघितलंच नाही, आणि शंका आली तर काय करायचं हे मी फिल्टरला कधी सांगितलंही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपन्यांत असं होत नसेल. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटला असाच गंडा बसला. अदर पूनावाला यांचं नाव लावून व्हॉट्सॲपवर मेसेज आला, पैसे तातडीने पाठवा. एक कोटी एक लाखाच्या वर रक्कम गेली. तिथे ईमेल नव्हता, पण दुखणं तेच. नाव दिसलं म्हणजे माणूस तोच, असं धरून चाललं गेलं.

हे घडू शकतं, कारण ईमेलच्या मुळातच पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोय नव्हती. मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ मध्ये ठरले. तेव्हा नेटवर्कवर विद्यापीठं आणि संशोधनसंस्था होत्या, सगळे एकमेकांना ओळखणारे. पत्राच्या पाकिटावर मागे प्रेषकाचं नाव काय लिहायचं हे लिहिणाऱ्यावर असतं ना, तसंच. पोस्टमन काही विचारत नाही. त्यात ईमेलला प्रेषक दोन ठिकाणी असतो. एक पाकिटावरचा, जो फक्त सर्व्हर बघतात. दुसरा आतल्या लेटरहेडवरचा, जो तुम्हाला स्क्रीनवर दिसतो. दोन्ही वेगळे असू शकतात. हे एवढं लक्षात ठेवलंत, तर पुढचं सगळं सोपं आहे.

यावर पुढे तीन उपाय आले. पहिला एसपीएफ. डोमेनचा मालक आपल्या डीएनएसमध्ये यादी लावतो, की माझ्या नावाने मेल फक्त या सर्व्हरवरून येतील. आपल्याकडे बागमांडल्याच्या जेटीवर उभ्या माणसाला माहीत असतं, वेश्वीला जाणारी फेरीबोट कुठली. तिसरीच कुठली होडी येऊन "चला, बसा" म्हणाली तर तो बसेल का? तसंच हे. पण एसपीएफ फक्त पाकिटावरचा प्रेषक बघतो, लेटरहेड नाही.

दुसरा डीकेआयएम. हे लाखेच्या सीलसारखं. मेल निघताना सर्व्हर त्यावर सही करतो, आणि ती सही ताडून बघायची किल्ली डोमेनच्या डीएनएसमध्ये सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असते. वाटेत मजकुरात फेरफार झाला तर सील जुळत नाही. याहूचं एक तंत्र आणि सिस्कोचं एक तंत्र एकत्र करून हे २००७ मध्ये तयार झालं.

तिसरा डीमार्क, आणि खरी मेख यात आहे. डीमार्क विचारतो : एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झालंय ते ठीक, पण ज्या नावाने पास झालंय ते लेटरहेडवरच्या डोमेनशी जुळतंय का? नसेल जुळत, तर डोमेनमालकाने काय करायला सांगितलंय? मालक तीनपैकी एक सांगतो. 'नन', म्हणजे काही करू नका, मला फक्त कळवा. 'क्वारंटाइन', म्हणजे संशयित म्हणून बाजूला टाका. 'रिजेक्ट', म्हणजे दारातूनच परत पाठवा. माझ्या पुरवठादाराच्या डोमेनला डीमार्क नव्हताच. म्हणून त्याच्या नावाने कोणीही लेटरहेड छापू शकत होतं.

आता आपल्या बाजूचं, म्हणजे येणाऱ्या मेलच्या तपासणीचं बघू. साधं फुकटचं जीमेल वापरत असाल तर या तपासण्या गूगल स्वतःच करतं, तुमच्या हातात बटण नाही. प्रश्नचिन्ह बघणं आणि पैशाच्या मेलला 'शो ओरिजिनल' उघडणं, एवढंच तुमच्याकडे आहे. पण स्वतःच्या डोमेनचा मेल घेतला असेल, तर सेटिंग तुमची.

गूगल वर्कस्पेस असेल तर ॲडमिन कन्सोलमध्ये ॲप्स, मग गूगल वर्कस्पेस, मग जीमेल, मग सेफ्टी. खाली 'स्पूफिंग अँड ऑथेंटिकेशन' सापडेल. तिथे वेगवेगळे चेक आहेत : तुमच्या डोमेनसारखं दिसणारं डोमेन, तुमच्या कर्मचाऱ्याचं नाव लावून बाहेरून आलेला मेल, खुद्द तुमच्याच डोमेनच्या नावाने आलेला खोटा मेल, आणि ज्याची ओळखच पटत नाही असा कुठलाही मेल. प्रत्येकासमोर काय करायचं ते निवडता येतं : इनबॉक्समध्ये ठेवून इशारा दाखवा, स्पॅममध्ये टाका, किंवा क्वारंटाइन करा.

पैसे गेल्यावर मी चिडले होते. रात्री बसून सगळ्या चेकसमोर क्वारंटाइन निवडलं. आता येऊ दे कोण येतं ते! हे तुम्ही करू नका.

झालं काय, की पुण्याच्या एका कंपनीने माझ्या दुकानातून १२० गिफ्ट बॉक्सची चौकशी केली. त्यांनी नुकतीच मेल सेवा बदलली होती, आणि एसपीएफच्या यादीत नव्या सर्व्हरचं नाव घालायचं राहिलं होतं. डीकेआयएमही सुरू केलेलं नव्हतं. माझ्या फिल्टरने तो मेल आत घेतलाच नाही. क्वारंटाइनमध्ये गेलेल्या मेलचं पाठवणाऱ्याला काही कळत नाही, आणि मी सूचना चालू केलेली नसल्यामुळे मलाही कळलं नाही. एकोणीस दिवसांनी सहज उघडून बघते तर चौकशी, मग आठवण, मग "उत्तर नाही म्हणून दुसरीकडे ऑर्डर देतोय". तीस दिवसांनंतर तिथलं सगळं आपोआप पुसलं जातं, म्हणजे अजून दोन आठवड्यांनी मला या ऑर्डरचा पत्ताही लागला नसता. खोट्या मेलने १८,६०० गेले, आणि माझ्या रागाने त्याच्या कितीतरी पट.

निसर्ग वादळ आठवा, ३ जून २०२०. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, सगळीकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुन्हा उभं राहायला आपण फोन, फेसबुक, ईमेल, मिळेल तिथून गिऱ्हाईक जोडलं. आपल्या धंद्यात नवीन गिऱ्हाईक हे अनोळखीच असतं. बँकेच्या मुख्य कार्यालयाला अनोळखी मेल अडवणं परवडतं, होम-स्टेवाल्याला नाही.

म्हणून मी आता काय ठेवलंय ते सांगते. माझ्याच डोमेनच्या नावाने बाहेरून येणारा खोटा मेल थेट क्वारंटाइनला, कारण माझे खरे मेल कुठून निघतात हे मला पक्कं माहीत आहे. माझ्या नावासारखं दिसणारं डोमेन आणि माझं किंवा दुकानातल्या मुलीचं नाव लावून आलेला मेल, हे स्पॅममध्ये. आणि नुसती ओळख पटत नाही असा मेल इनबॉक्समध्येच, पण वर इशाऱ्याची पट्टी. क्वारंटाइन झालं की सूचना यावी, हेही चालू केलंय. होम-स्टे असेल, बुकिंगची चौकशी रोज येत असेल, तर हीच मांडणी ठेवा. घाऊक व्यापार असेल, ठरलेल्याच पाच-दहा लोकांशी व्यवहार असेल, तर शेवटचा चेकही स्पॅमवर न्यायला माझी हरकत नाही. फक्त रोज स्पॅम उघडायची सवय हवी.

एका गोष्टीत खूप जण फसतात. पुरवठादाराचा मेल स्पॅममध्ये जातोय म्हटल्यावर आपण त्याचं डोमेन 'अप्रूव्ह्ड सेंडर'च्या यादीत टाकतो. मोकळं झालो. पण त्या यादीत 'ऑथेंटिकेशन आवश्यक' ही खूण काढून टाकलीत, तर त्या डोमेनचं खोटं लेटरहेड लावून येणारा भामटाही तुमच्या परवानगीने आत येतो! खूण तशीच राहू द्या, आणि पुरवठादाराला फोन करून सांगा की शेठ, तुमचं एसपीएफ बिघडलंय, दुरुस्त करून घ्या. दुखणं त्यांच्याकडे आहे, औषध आपण का घ्यायचं?

ज्यांनी वेबसाइटसोबत स्वस्तातलं होस्टिंग घेऊन त्यावरच मेल चालवलाय, त्यांच्याकडे बहुतेक स्पॅमअसॅसिन असतं. ते मार्क मोजतं. एसपीएफ फेल झालं, इतके मार्क. मजकूर संशयास्पद, आणखी इतके. मुळातली मर्यादा ५ मार्कांची असते, तिच्या वर गेला की मेल स्पॅम. लोक ती २ वर आणतात आणि मग विचारतात मेल का येत नाहीत. ५ वर सुरुवात करा, दोन आठवडे बघा, मग हलवा. आणि स्वतःचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तिथे 'सेंडर व्हेरिफिकेशन कॉलआउट' नावाचा पर्याय दिसेल. त्यात तुमचा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे जाऊन विचारतो, की हा पत्ता खरंच आहे का? ऐकायला छान वाटतं. पण भामटे दुसऱ्याचाच पत्ता वापरतात, म्हणजे तुमचा सर्व्हर दिवसभर निरपराध लोकांची दारं ठोठावत बसतो आणि उलट तुम्हीच काळ्या यादीत जाता. बंद ठेवा.

आता ज्याने होम-स्टेवाल्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते. वेबसाइटवरचा 'संपर्क करा' फॉर्म. पाहुणा नाव, ईमेल, तारखा भरतो, बटण दाबतो. अनेक वेबसाइट तो मेल पाहुण्याच्याच पत्त्यावरून आल्याचं दाखवून तुम्हाला पाठवतात. विचार करा, लेटरहेड पाहुण्याचं आणि पाठवणारा तुमचा होस्टिंग सर्व्हर. तपासणीत हा मेल आणि भामट्याचा मेल सारखेच दिसतात! पाहुण्याचा पत्ता याहूचा असेल तर विषयच संपला, कारण याहूने एप्रिल २०१४ पासूनच आपल्या पत्त्यांसाठी डीमार्क 'रिजेक्ट'वर ठेवलंय. मेल स्पॅममध्येसुद्धा सापडणार नाही. वेबसाइट करून देणाऱ्याला सांगा, की 'फ्रॉम'मध्ये माझ्या डोमेनचा पत्ता ठेव, 'रिप्लाय टू'मध्ये पाहुण्याचा, आणि मेल एसएमटीपीने लॉगिन करून पाठव. अर्ध्या तासाचं काम आहे. आजच स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन फॉर्म भरून बघा.

तसंच फॉरवर्डिंगचं. डोमेनवर आलेले मेल पुढे जीमेलला ढकलण्याची सोय खूप जण लावतात. ढकलणारा सर्व्हर मूळ पाठवणाऱ्याच्या यादीत नसतो, त्यामुळे एसपीएफ तुटू शकतं. डीकेआयएमचं सील मात्र मजकूर जसाच्या तसा असेल तर टिकतं. म्हणून काही मेल येतात, काही गायब होतात, आणि आपण इंटरनेटला शिव्या घालतो.

दुसऱ्याचं तपासताना स्वतःचंही घर नीट हवं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम पाहिजे, आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवत असाल तर दोन्ही आणि वर डीमार्क. आपण ५,००० पाठवत नाही, पण तिन्ही लावायला पैसे लागत नाहीत, तर लावून टाका. एसपीएफचा रेकॉर्ड एका डोमेनला एकच असावा. दोन केलेत तर दोन्ही निकामी. बिलिंगचं सॉफ्टवेअर, ऑफरचे मेल पाठवणारी सेवा, जे जे तुमच्या नावाने मेल पाठवतं ते त्या एकाच ओळीत घाला. पण डीएनएस शोध दहाच्या वर गेले की तोही बाद होतो, म्हणून जुन्या बंद केलेल्या सेवा काढून टाका. ओळीच्या शेवटी 'टिल्ड ऑल' असेल तर यादीबाहेरचा संशयित, 'मायनस ऑल' असेल तर सरळ खोटा. आणि दिवाळीच्या ऑफरचे मेल बाहेरच्या सेवेतून पाठवताना 'फ्रॉम'मध्ये स्वतःचा जीमेल पत्ता टाकू नका. ते डोमेन गूगलचं आहे, तिथे तुमची सही चालत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगते. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही पास, म्हणजे माणूस प्रामाणिक असं नाही. भामट्याने पुरवठादाराच्या नावात एक अक्षर बदलून स्वतःचं डोमेन घेतलं आणि त्यावर तिन्ही नीट लावले, तर तिन्ही पास होणार. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी टाकले, तर मोबाइलवर कळत नाही. तपासणी एवढंच सांगते, की हा मेल त्या डोमेनवरूनच आलाय. ते डोमेन कोणाचं, हे डोळ्यांनीच बघायचं. बँकांच्या बाबतीत आता थोडं सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे बँकांना 'डॉट बँक डॉट इन' हे खास डोमेन दिलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे जायला सांगितलं. ते बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. एसएमएसलाही ट्रायच्या नियमाने नोंदवलेलाच हेडर लागतो, आणि शेवटी जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', सरकारीला 'जी' असतं. ईमेलला अशी एक सरकारी यादी नाही. प्रत्येक डोमेनमालकाने आपापली लावायची.

खातं बदलल्याचा मेल आला, तर तो कितीही पास असू दे, मी आता आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करते. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. खोकेवाले शेठ सुरुवातीला हसायचे, "ताई, परत चौकशी?" गेल्या वर्षी त्यांच्या आणखी एका गिऱ्हाइकाचे पैसे असेच गेले, तेव्हा त्यांनीच मला फोन करून विचारलं की ते डीमार्क की काय ते कसं लावायचं. 'नन'वर लावून दिलंय, रिपोर्ट माझ्याकडेही येतात. त्यात त्यांच्या बिलिंगवाल्या सॉफ्टवेअरचे मेल अजून फेल होताना दिसतायत. ते जुळले, आणि महिनाभर रिपोर्ट स्वच्छ आले, की 'क्वारंटाइन' करू. मग 'रिजेक्ट'. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत.